घडीच्या चाकूचा खटका किती वर्षं भरवशाचा?

वाचक विचारतात

प्रश्न : निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. लाइनर लॉकचा घडीचा चाकू चार वर्षं रोज वापरतो. सुतळी, ठिबकची नळी, खताच्या गोण्या, सगळं त्यानेच कापतो. नवा होता तेव्हा आतली पट्टी पात्याच्या मागे जेमतेम कडेला टेकायची, आता अर्ध्याच्या पुढे गेली आहे. पातंही जरा डावी-उजवीकडे हलतं. खटका अचानक दगा देईल का?

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पातं आडवं हलतं ते मुख्य स्क्रू ढिला झाल्यामुळे. ते पाच मिनिटांचं काम. पट्टी पुढे सरकणं ही मात्र झीज आहे. झीज मागे फिरवता येत नाही, तिचा वेग कमी करता येतो.

आधी पट्टीचं बघू. मुठीच्या आतल्या पत्र्याचाच एक लांब काप थोडा वाकवून त्याची स्प्रिंग केलेली असते, तोच लाइनर. पातं पूर्ण उघडलं की हा काप आत येतो आणि टँगच्या मागे, म्हणजे पात्याच्या मुठीत राहणाऱ्या भागाच्या मागे, उभा राहतो आणि पातं मिटू देत नाही. हाच खटका. आज सगळीकडे दिसणारी ही रचना अमेरिकेतले कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. तिची खुबी टँगच्या उतारात आहे. टँगची मागची बाजू काटकोनात कापलेली नसते, साधारण 7 ते 10 अंशांची तिरपी असते. त्यामुळे धातू झिजला तरी पट्टी तेवढी पुढे सरकते आणि फट आपोआप भरून निघते.

हिशोब करून पाहा. उतार 8 अंशांचा असेल, तर फक्त 0.1 मि.मी. झीज झाली की पट्टी सुमारे 0.7 मि.मी. पुढे जाते. टँगची जाडी 3 मि.मी. धरली तर हा जवळजवळ पाव भाग झाला. म्हणून सरकणं डोळ्यांत भरतं, पण प्रत्यक्षात झिजलेला धातू कागदाच्या जाडीएवढाच असतो. चार वर्षं रोजच्या वापरात पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली असेल तर ते ठीक आहे. पाऊण भागाच्या पुढे गेली की दर महिन्याला नजर ठेवा. समोरच्या पत्र्याला टेकली की तो चाकू खटक्याच्या भरवशावर वापरायचा नाही. पुढे सरकायला जागाच उरत नाही, त्यानंतरची प्रत्येक झीज पात्यात वर-खाली प्ले, म्हणजे हलणं, म्हणून दिसते आणि पट्टी कधी अर्धवट बसेल ते सांगता येत नाही.

आडव्या प्लेसाठी मुख्य स्क्रू एकदम न आवळता एकावेळी अष्टमांश फेरा फिरवा. प्रत्येक वेळी पातं उघडून-मिटून पाहा. प्ले गेला पण पातं जड झालं, तर किंचित मागे घ्या. खटका न लावता पातं अर्धवट उघडलं असताना हलतं का, हेही पाहा. तेव्हाही हलत असेल तर दोष स्क्रूचा किंवा वॉशरचा. फक्त पूर्ण उघडल्यावर वर-खाली हलत असेल तर दोष खटक्याचा किंवा स्टॉप पिनचा (उघडणारं पातं जिला टेकून थांबतं ती पिन), आणि तिथे स्क्रू कितीही आवळून उपयोग नाही. ही गल्लत फार होते. माणूस स्क्रू आवळत राहतो, वॉशर चेपतात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आता झीज वाढते कशाने? पहिलं कारण म्हणजे मनगटाला झटका देऊन पातं उघडण्याची सवय. प्रत्येक झटक्यात टँग स्टॉप पिनवर आदळतो आणि पट्टी त्याच वेगाने टँगवर घासत येते. चांगल्या पात्याचं पोलाद रॉकवेल सी मापावर 58 ते 60 च्या आसपास कडक असतं, पट्टी त्याहून बरीच मऊ. मार खाते ती पट्टी. दुसरं कारण बागेतली माती. तिच्यातले वाळूचे कण पट्टी आणि टँगच्या मध्ये सापडले की पॉलिश पेपरसारखं काम करतात.

तिसरं कारण खास तुमच्या भागातलं आहे. बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या फवारणीच्या औषधात, मोरचूद मोकळं राहिलं आहे का, हे पाहायला विळा किंवा खिळा बुडवून तांबूस थर येतो का बघतात. हातात दुसरं काही नसलं की तिथे खिशातला चाकू बुडवला जातो. तांबूस थर येतो याचा अर्थ लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबं बसलं. पातं पुसलं तरी टँग आणि पट्टीच्या सांध्यात शिरलेला थेंब तिथेच राहतो आणि जिथे अचूक बसायला हवं तोच पृष्ठभाग खडबडीत होतो. या चाचणीला जुना खिळाच वापरा.

सफाई महिन्यातून एकदा पुरे, फवारणीच्या दिवसांत आठवड्याला. पातं उघडून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने पट्टीच्या मागची फट आणि टँगचा उतार घासा. स्वच्छ पाण्याने धुवा, झटका, सावलीत पूर्ण वाळू द्या. मग मुख्य स्क्रूच्या दोन्ही बाजूंनी शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. पट्टी टँगला जिथे टेकते ती जागा मात्र कापडाने कोरडी पुसा. हा खटका घर्षणावर टिकतो आणि तिथे तेल राहिलं तर जोर आल्यावर पट्टी उताराबरोबर मागे घसरू शकते. खोबरेल किंवा गोडं तेल घालू नका, कालांतराने त्याचा चिकट थर होतो आणि त्यात धूळ बसते.

प्रश्न : मोबाइलवरच्या व्हिडिओंत चाकूची पाठ टेबलावर आपटून खटका तपासतात. घरी तसं करावं का? मी अंबडच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, दिवसभर खोक्यांच्या पट्ट्या आणि प्लास्टिक फिल्म कापतो. *(सिडको, नाशिक)*

उत्तर : करू नका. आपटल्यावर पट्टीला जो क्षणिक झटका बसतो तसा कामात क्वचितच बसतो, आणि पुन्हा पुन्हा आपटून चांगला खटकाही खराब होतो. चाचणी हळू आणि दाबाने करायची. धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी बसवून चिकटपट्टीने गुंडाळा. मूठ दोन्ही बाजूंनी तळहात आणि बोटांच्या टोकांमध्ये धरा, एकही बोट पातं मिटेल त्या वाटेवर नको. पात्याची पाठ टेबलाच्या कडेला टेकवून हळूहळू जोर वाढवा. पट्टी तसूभरही सरकता कामा नये. मग मूठ पिळल्यासारखी दोन्ही बाजूंना वळवा. लाइनर लॉक बहुतेक वेळा सरळ दाबाने सुटत नाही, पिळल्यावर सुटतो. मूठ घट्ट आवळल्यावर बोटाचं मांस पट्टीला आतून ढकलतं का, तेही याच वेळी कळतं.

खटका कुठे टेकतो ते पाहायला टँगच्या उतारावर परमनंट मार्करची शाई लावा, वाळू द्या, पातं सावकाश दहा वेळा उघडा-मिटा. शाई पट्ट्यासारखी पुसली गेली तर बैठक चांगली. एका कोपऱ्यात टिंबाएवढीच पुसली गेली तर सगळा भार त्या टिंबावर आहे आणि ते लवकर चेपणार.

तुमच्या कामाबद्दल स्पष्ट सांगायचं तर पॅकिंगला घडीचा चाकू नकोच. खोक्याची पट्टी तुटते त्या क्षणी हात झटक्याने पुढे जातो आणि पातं कुठेतरी आपटतं. हा खटक्याला सर्वांत वाईट असा मार. पातं आपोआप आत जाणारा सेफ्टी कटर मागून घ्या. पातं बोथट झालं की बदलायचं, खटक्याची चिंताच नाही.

प्रश्न : पावसाळ्यात अंजनेरी, हरिहर, कधी साल्हेर असे ट्रेक करतो. ओल्या, चिखलाच्या हातांनी वापरायला कोणता खटका जास्त वर्षं टिकेल : लॉकबॅक, लाइनर, फ्रेम की आडव्या दांड्याचा? *(गंगापूर रोड)*

उत्तर : चिखलात सर्वांत कमी लाड मागतो तो लॉकबॅक, एका अटीवर. यात मुठीच्या पाठीला एक दांडी असते आणि तिचं टोक टँगच्या खाचेत पडतं. बक कंपनीचं 110 हे मॉडेल 1964 पासून याच खटक्यावर चालत आलं आहे. अट अशी की खाच स्वच्छ हवी. खिशातला धाग्यांचा गोळा, सुकलेला चिखल किंवा फळाचा गर तिथे दाबून बसला की दांडी पूर्ण खाली उतरत नाही. कानाला टक् आवाज येतो, पातं उघडं दिसतं, पण खटका अर्धाच लागलेला असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. पातं उघडल्यावर अंगठ्याचं नख पात्याच्या पाठीवरून दांडीवर सरकवा. नवीन चाकूत ही बैठक कशी लागते ते पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा. नंतर दांडी त्यापेक्षा वर उचललेली लागली तर खाचेत काहीतरी आहे. टूथपिकने खाच उकरा, सुई किंवा पिन नको, कडेला ओरखडा पडतो. लॉकबॅकची उणीव एवढीच की खाचेच्या कडा गोल झाल्या की वर-खाली प्ले येतो आणि तो घरी काढता येत नाही. बहुतेकांत पिना रिव्हेट केलेल्या असतात, उघडून आवळायला स्क्रूच नसतो.

फ्रेम लॉक म्हणजे लाइनरचा दांडगा भाऊ : मुठीची एक अख्खी बाजूच पट्टी होते. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे क्रिस रीव्ह यांनी तो रूढ केला. हातात धरल्यावर बोटं पट्टीला आणखी आत दाबतात, म्हणून तो पकडीत सुटत नाही. मूठ टायटॅनियमची असेल तर मऊ टायटॅनियम कडक पोलादाला चिकटतं आणि खटका सोडताना अंगठ्याला जोर पडतो. टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा बसवलेला असेल तर ही तक्रार राहत नाही, झीजही कमी होते आणि तुकडा बदलता येतो. घेताना तेवढं पाहून घ्या. पट्टी बाहेरच्या बाजूला जास्त वाकू नये म्हणून थांबा दिलेला असेल तर उत्तमच. असा थांबा नसलेल्या चाकूची पट्टी खटका सोडताना बाहेर ओढली गेली तर तिची स्प्रिंग कायमची मंदावते.

आडव्या दांड्याचा खटका, म्हणजे मुठीतून आरपार गेलेला दांडा सरकून टँगवर बसतो तो, बेंचमेड या अमेरिकी कंपनीने 1998 मध्ये आणला, आता अनेक कंपन्या तो बनवतात. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालतो आणि बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत, हे ओल्या हाताला फार मोलाचं. यात झिजतो तो दांडा नव्हे, तुटतात त्या त्याला ढकलणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा. एक तुटली तरी दुसरीवर खटका चालतो, म्हणून कित्येकांना पत्ताच लागत नाही. दांडा दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने परत येतो का, हे ट्रेकच्या आदल्या दिवशी पाहा. एका बाजूला तिरका, आळसटलेला वाटला तर एक स्प्रिंग गेली असं समजा आणि दोन्ही बदला.

आणि कोणताही खटका असला तरी पाठीवर दगड किंवा लाकूड मारून फाटी फोडायला घडीचा चाकू वापरू नका. त्या ठोक्यांचा सगळा भार मुख्य पिन आणि खटका खातात. त्यासाठी कोयताच न्या.

प्रश्न : ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा लाकडी मुठीचा चाकू इगतपुरीच्या पावसाळ्यात उघडतच नाही. उन्हाळ्यात उलट ढिला होतो. खटक्याची फिरती कडीही सैल वाटते.

उत्तर : लाकूड ओल पितं, फुगतं आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं. खटक्याचा यात दोष नाही. अडकलेलं पातं नखाने ओढू नका. मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोका, पातं थोडं बाहेर येतं आणि मग बोटांत धरता येतं. आधी कडी बंदवरून मोकळी केली आहे ना, तेवढं बघा. कायमचा इलाज हवा असेल तर उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना, मुठीला आणि खाचेच्या आतल्या बाजूला जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. सांध्यात जवसाचं तेल जाऊ देऊ नका. ते वाळून घट्ट होतं आणि पातं अडकवतं. तेलाची कापडं गोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

ही फिरती कडी मार्सेल ओपिनेल यांनी 1955 मध्ये आणली आणि टिकाऊपणात तिला तोड नाही, कारण पातं मिटायला निघालं तर समोर पोलादाची सलग भिंत येते. कडी सैल वाटली तर सर्क्लिप प्लायरने (कडी फाकवायच्या पक्कडीने) उघडून काढा, आतला मळ पुसा, फटीची दोन टोकं बोटांनी किंचित जवळ दाबा आणि परत बसवा. पक्कडीने चेपलीत तर कडी लंबगोल होते आणि एका जागी अडते.

प्रश्न : द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर कलमं करतो. कलमाच्या चाकूला खटका नाही, फक्त पाठीची स्प्रिंग आहे. खटक्याचा घ्यावा का? *(दिंडोरी)*

उत्तर : गरज नाही. कलमाचा काप धारेच्या दिशेने, आपल्याकडे ओढत घेतात, त्यात पातं मिटायच्या दिशेला जोरच येत नाही. पाठीची स्प्रिंग पातं उघडताना आणि मिटताना टक् करून बसवते का, तेवढं पाहा. ती आवाज न करता मऊ चालायला लागली की बदलायची वेळ झाली. झाडागणिक चाकू निर्जंतुक करायला ब्लीचचं पाणी वापरत असाल तर थांबा, सोडियम हायपोक्लोराइट पात्याला आणि स्प्रिंगला दोन्हींना खातं. 70 टक्के स्पिरिट वापरा, ते उडून जातं, पिनेपाशी काही उरत नाही. पेटत्या बिडी-सिगारेटजवळ मात्र नको.

प्रश्न : खटका असलेला चाकू खिशात ठेवणं बेकायदा आहे का? *(पंचवटी)*

उत्तर : शस्त्र नियमांत खटक्यावरून फरक केलेला नाही. पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल, तर ते शस्त्राच्या वर्गात येतं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली सण, निवडणूक, मोर्चे अशा काळात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्यांचाही उल्लेख असतो. त्या दिवसांत गर्दीत लहान चाकूही नेऊ नका. विमानात केबिनच्या पिशवीत चालत नाही.

प्रश्न : मुख्य स्क्रू दर पंधरा दिवसांनी ढिला होतो. *(नाशिकरोड)*

उत्तर : निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद, घ्या. लाल नको, ते उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही. आधी स्क्रू काढून स्पिरिटने तेल पूर्ण पुसा, तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही. आट्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरे. जास्त लावलंत तर ते वॉशरपर्यंत ओघळतं आणि पातं जाम होतं. बसवून प्ले जुळवा आणि चोवीस तास हात लावू नका. योग्य मापाचा टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) बिट वापरा, सहसा टी 6, टी 8 किंवा टी 10. अंदाजाने लहान बिट घातला की डोकं गोल होतं.

प्रश्न : सातपूरला टूलरूममध्ये आहे. लाइनर लॉकची पट्टी समोरच्या पत्र्याला टेकली आहे. टँगवर वेल्डचा थेंब टाकून परत घासला तर खटका पहिल्यासारखा होईल ना?

उत्तर : वेल्ड नको. पात्याला हार्डनिंगनंतर टेंपर दिलेला असतो, वेल्डच्या उष्णतेने आसपासचा भाग कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतो. तडा नेमका पिनेच्या भोकापाशी जातो, कारण धातू तिथेच सर्वांत कमी.

तुमच्या हाताशी ग्राइंडर आहे, तर स्टॉप पिन बदला. स्टॉप पिन किंचित जाड केली की पातं थोडं आधी थांबतं, टँगचा उतार पट्टीच्या जवळ येतो आणि पट्टी मागेच अडते. पिनेचा व्यास 0.2 मि.मी. वाढवला तर तिचा पृष्ठभाग 0.1 मि.मी. पुढे येतो. पिन आणि टँगचा उतार मुख्य स्क्रूपासून साधारण सारख्या अंतरावर असतील, तर 8 अंशांच्या उतारावर पट्टी सुमारे 0.7 मि.मी. मागे येते. बहुतेक चाकूंना एवढं पुरतं.

पत्र्यांतली भोकं मोठी करू नका. पायरीची पिन करा : दोन्ही टोकं मूळ व्यासाची, मधला भाग वाढवलेला. मधल्या भागाची लांबी दोन पत्र्यांमधल्या अंतरापेक्षा 0.05 मि.मी. कमी ठेवा, नाहीतर पत्रे फाकतील. माल ईएन 31 किंवा सिल्व्हर स्टील, हार्डन करून टेंपर दिलेला, शेवटी ग्राइंड केलेला. मऊ पिन घातलीत तर महिन्याभरात टँगचा खळगा तिच्यावर उमटेल.

आधी 0.1 मि.मी. जाड करून पाहा, मग वाढवा. बसवल्यावर दोन गोष्टी तपासा. उघडं पातं आता आधीपेक्षा किंचित कमी उघडतं, ते डोळ्यांना खटकत नाही ना. आणि पुष्कळ चाकूंत हीच पिन मिटलेलं पातंही थांबवते, म्हणून पट्टीवरची बारीक गोळी, म्हणजे डिटेंट, टँगच्या खळग्यात नीट बसते का ते बघा. मिटलेला चाकू टोक खाली करून टेबलावर अंथरलेल्या जाड कापडाच्या वर झटका. पातं बाहेर डोकावलं तर गोळी खळग्याच्या कडेवर आहे. अशा वेळी पिनेचा व्यास 0.05 मि.मी. ने उतरवून परत बसवा.